अधांतरी मळा

पारनेर तालुक्यात कुणाला जमीन किती आहे हे खुशाल विचारावं, पण बोअरला पाणी किती फुटांवर लागलं हे विचारलं की समोरचा सावध होतो. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याच्या मर्जीने. अशा मुलखात ‘नेहमीच्या शेतीपेक्षा ९५ टक्के कमी पाणी’ हे वाक्य निदान निवृत्त माणसाच्या हाती तरी पडू देऊ नये. माझ्या हाती ते एरोपोनिक्सच्या एका गुळगुळीत माहितीपत्रकातून पडलं.

मी बँकेत होतो, कर्ज विभागात. उभ्या नोकरीत दुसऱ्यांचे प्रकल्प अहवाल तपासले. ‘उत्पन्नाचा अंदाज अवास्तव’, ‘बाजारपेठेचा अभ्यास अपुरा’, ‘विजेची पर्यायी व्यवस्था काय?’ हे तीन शेरे माझ्या हातून झोपेतसुद्धा उतरले असते. एका डाळिंबवाल्याला तर मी तिन्ही एकदम दिले होते. त्याच्या बागेवरून जाताना मी अजूनही दुसरीकडे बघतो, कारण बाग उत्तम आहे. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा बाकी सगळं घरी आणलं, शेरे तेवढे बँकेतच राहिले.

एरोपोनिक्समध्ये रोपाचा गड्डा वर फळीच्या भोकात बसवतात आणि मुळं खाली अंधाऱ्या पेटीत मोकळी सोडतात. माती नाही, नारळाचा भुसा नाही, साचलेलं पाणीही नाही. दर काही मिनिटांनी काही सेकंद खत मिसळलेल्या पाण्याचं धुकं मुळांवर सुटतं. धुक्याचा थेंब ५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून बारीक. मुळांना पाणी मिळतं, खत मिळतं आणि मातीत कधी मिळणार नाही एवढी हवा मिळते. म्हणून रोप झपाट्याने वाढतं. हे सगळं खरं आहे. मी फसलो तो खोट्याला नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

मळ्यासाठी मी लिहिलेल्या प्रकल्प अहवालाचं पहिलं प्रकरण ‘इतिहास’ होतं. कुठल्याही शेतकऱ्याने बँकेला इतिहास दिलेला मी पाहिला नव्हता, म्हणून मी दिला. फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने १९५७ साली या पद्धतीला नाव दिलं. त्याने कॉफीची आणि टोमॅटोची झाडं हवेत मुळं सोडून वाढवली होती. १९९७ साली रशियाच्या मीर अंतराळस्थानकात शेंगवर्गीय रोपांवर अमेरिकेने असाच प्रयोग केला. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने या पद्धतीने रोगमुक्त बियाणे बटाटे काढायचं तंत्र बसवलं आणि २०२२ साली मध्य प्रदेश सरकारने ग्वाल्हेरसाठी त्याच संस्थेशी करार केला. एवढं वाचून दाखवल्यावर घरातले वडीलधारे आबा म्हणाले, “त्या वरच्या लोकांचं बरोबर हाये. तिथं माती कुठनं नेणार? आपल्याकडं माती कुणी बंद केलीय का?”

आबांनी १९७२ चा दुष्काळ पाहिलाय. रोजगार हमीवर खडी फोडून त्यांनी सुकडी खाल्ली आहे. त्यामुळे त्यांच्याशी शेतीवर वाद घालायचा नाही, असा आमच्या घरात दंडक आहे. मी तो इंग्रजी माहितीपत्रकाच्या जोरावर मोडला.

पीक कोणतं घ्यायचं? शहाण्या माणसाने बियाणे बटाट्यापासून सुरुवात केली असती, कारण देशात एरोपोनिक्समधलं खरं ज्ञान बटाट्याचंच आहे. पण बटाटा लोकांना सांगायला बरा वाटेना. पुण्याला असतं तसं काहीतरी हवं होतं. त्याच सुमारास खोलीत केशर पिकवल्याच्या बातम्या गाजत होत्या आणि त्यालाही लोक एरोपोनिक्स म्हणत होते. वास्तविक केशराचा कंद स्वतःच्याच साठ्यावर फुलतो, ट्रेमध्ये त्याला कुणी धुकंबिकं देत नाही. हे मला माहीत होतं, म्हणून मी केशराच्या नादी लागलो नाही. या प्रकरणात माझी अक्कल जिथे चालली तेवढी एकच जागा असल्यामुळे तिची नोंद करून ठेवली. केशर सोडून मी लेट्यूस धरलं.

मूळ आराखडा एक एकराचा होता. सौ.ने तो दहा गुंठ्यांवर आणला. “दहा गुंठ्यांत बुडालात तर पोहून तरी बाहेर याल,” असं तिचं म्हणणं. पॉलिहाऊस उभं राहिलं, काळ्या पेट्या आल्या, उच्च दाबाचा पंप आला, टायमर आला, पाणी गार करणारा चिलर आला. चिलर हवाच, कारण खताचं पाणी पंचवीस अंशांच्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी होतो आणि मुळं कुजायला लागतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे बाहेर चाळीस, आत मुळांना वीस. माझ्या स्वतःच्या खोलीत तेव्हा साधा पंखा होता.

पहिला धक्का बोअरने दिला. आमचं पाणी काळ्या पाषाणातून येतं आणि येताना चुना-क्षार घेऊनच येतं. स्टीलच्या पातेल्यात चार वेळा उकळलं की आत पांढरं अस्तर तयार. ते पाणी सुईच्या टोकाएवढ्या भोकातून काढायचं म्हटल्यावर नोझल धडाधड बुजू लागले. तेव्हा आरओ प्लांट आला. आरओची रीत अशी की शंभर लिटर घ्यायचे, पन्नास-साठ गोड करून द्यायचे आणि उरलेले अधिक खारट करून बाहेर सोडायचे. माझे मोठे चुलतभाऊ, ज्यांना गाव तात्या म्हणतं, ते बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या पाइपाशी बराच वेळ उकिडवे बसले. मग उठून म्हणाले, “पाणी वाचवायला एवढं पाणी फेकावं लागतं व्हय?”

शेजारच्या हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, माणसांना-गुरांना किती, आणि उरलं त्यावर पिकं ठरवायची. उसाला आणि केळीला तिथे बंदी. ताळेबंद म्हटल्यावर माझ्यातला बँकवाला जागा झाला आणि मीही मळ्याचा मांडला. लेट्यूसने प्यायलेलं पाणी खरोखरच नगण्य निघालं. त्या रकान्याकडे मी बराच वेळ अभिमानाने बघत होतो. नंतरच्या रकान्यात आरओने फेकलेलं पाणी होतं, त्याच्या पुढच्यात पॉलिहाऊस गार ठेवायला पॅडवरून वाऱ्याला दिलेलं, आणि शेवटी टाक्या धुतलेलं. बेरीज केली आणि कागद आबांच्या नजरेस पडू नये म्हणून पंचांगात ठेवला. आबा रोज पंचांग बघतात, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

एवढं होऊनही लेट्यूस आलं, हे कबूल करायला हवं. पोपटी, कुरकुरीत, फोटोतल्यासारखं. मुळं पांढरीशुभ्र, हातभर लोंबलेली. पाहायला गावातून माणसं यायची, मी झाकण उचलून मुळं दाखवायचो आणि लोक मान डोलवून विचारायचे, “याला लागतं काय?” म्हणजे फळ. काही लागत नाही, पानंच खायची, म्हटल्यावर चेहरे पडायचे. पुण्याचा व्यापारी फोनवर जो भाव सांगे तो माल गुलटेकडीला पोचेपर्यंत रस्त्यात कुठेतरी उतरून जाई. मग एक क्रेट सुप्याच्या बाजारात नेऊन बघितला. शेजारी बसलेल्या मेथीवाल्या मावशींनी एक गड्डा उलटसुलट केला आणि सहानुभूतीने विचारलं, “कोबी बांधायचा राहिला का रं बाबा?” उरलेल्याची सौ.ने पीठ पेरून भाजी केली. कढईभर टाकलं, डावभर झालं.

आता विजेबद्दल. शेतीच्या फीडरला थ्री-फेज वीज दिवसाला साधारण आठ तास, कधी दिवसाच्या पाळीत, कधी रात्रीच्या. मातीतलं पीक दोन दिवस थांबतं. धुक्यावरचं पीक तासाभरातच माना टाकायला लागतं, कारण मुळांपाशी साठा म्हणून काहीच नसतो. त्यामुळे उरलेले सोळा तास जनरेटर आणि त्याच्या जोडीला इन्व्हर्टर, अशी माझी व्यवस्था. सुप्याच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या दिसायच्या, वीज तयार करत निवांत फिरताना. मी खाली डिझेलचा कॅन घेऊन उभा.

मे महिना, दाट लग्नतिथ. तात्यांच्या धाकट्याची वरात निघाली आणि वेशीपाशीच डीजेवाल्याच्या जनरेटरने मान टाकली. नवरदेव घोड्यावर, पोरं घामाघूम, सगळीकडे एकदम शांतता. तात्यांनी काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. भावकीत जनरेटर असताना वरात अंधारात गेली असती, तर मळा तगला असता पण मला गावात तोंड दाखवता आलं नसतं. शिवाय इन्व्हर्टर तासभर ओढतो आणि वेस ते देऊळ अंतर ते किती! ट्रॉलीला लावून जनरेटर आणला.

अंतर थोडंच होतं, पण वरात अंतरावर चालत नाही, गाण्यांवर चालते. पाराजवळ अडली, सोसायटीपुढे अडली. पोरांनी मला आत ओढलं. “जनरेटरवाल्या काकांसाठी” म्हणून एक गाणं वाजलं, आणि निवृत्त कर्ज अधिकारी हात वर करून नाचला. पेट्या कोरड्या पडल्या की मोबाईलवर इशारा येतो, त्यासाठी वेगळे पैसे भरले होते. इशारा आला. एकदा नव्हे, येतच राहिला. पण डीजेपुढे माझं सगळं अंगच थरथरत होतं, त्यातला मोबाईलचा वाटा किती हे कळायला मार्ग नव्हता. माझ्याच डिझेलवर, माझ्याच खर्चाने, माझा मळा वाळत असताना मी नाचलो, आणि चांगला नाचलो असं लोक सांगतात. व्हिडिओही आहे.

पहाटे झाकणं उचलली. पांढरी मुळं सुतळीच्या रंगाची झाली होती. पानांना ते दुपारपर्यंत कळलं.

जूनमध्ये बातमी वाचली: अमेरिकेत नेवार्कला जुन्या पोलाद कारखान्याच्या जागी प्रचंड एरोपोनिक शेती उभारणारी एरोफार्म्स कंपनी २०२३ च्या त्या महिन्यात दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली. दुसऱ्याच्या दुःखाने हुरूप येऊ नये, पण आला. मी ती बातमी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवली, जणू आम्ही दोघं भागीदार होतो. पुढे काही महिन्यांत ती कंपनी सावरली. ती बातमी मी मनातल्या मनात वाचली.

पॉलिहाऊसमध्ये आता आबांची सिमला मिरची आहे, मातीत. पंप आणि नोझल तात्यांनी घेतले, भंगाराच्या वर आणि किमतीच्या बऱ्याच खाली. त्यांच्या गोठ्यात एचएफ संकरित गाई आहेत आणि त्यांना उन्हाळा सोसत नाही. धाप लागते, दूध आटतं. म्हणून हल्ली गोठ्यांत फॉगर लावतात. माझं धुकं आता गाईंच्या पाठीवर पडतं. ज्या दिवशी सुरू केलं त्या दिवशी गाई चक्क रवंथ थांबवून वर बघत होत्या.

तात्यांनी अर्थात बोअरचंच पाणी लावलं. परवा दुपारी फोन आला, “तुझं ते धुकं बंद पडलंय, गाई माझ्याकडं बघायला लागल्यात.” मी सुई आणि सायट्रिक ॲसिड घेऊन गेलो. या कामातला तालुक्यात मीच जाणकार. एकेक नोझल साफ करत असताना तात्या बाजेवर बसून म्हणाले,

“ते आरओचं मशीन बी देऊन टाक की. पडून तर हाये.”

“घेऊन जा.”

“आन् जनरेटर?”

“जनरेटर नाही मिळायचा.”

“का रं? आता मळा तर नाय राहिला.”

“पुढच्या महिन्यात चार वराती आहेत. बयाणे घेऊन ठेवलेत.”