घोडी मोजून घ्या

“मास्तर, घोडी आठ हायत.”

नेसरीच्या खिंडीवरचं माझं पहिलं सचित्र व्याख्यान या वाक्यानं पडलं. देवळाच्या मंडपात चादर ताणलेली, चादरीवर प्रतापराव गुजर तलवार उपसून निघालेले, आणि मी नुकताच घसा साफ केलेला. पहिल्या रांगेतल्या तात्यांनी तेवढ्यात बोटानं घोडी मोजली होती. मी म्हटलं, “आठवं खानाचं असेल.” तात्या म्हणाले, “मग त्येचं तोंड इकडं कसं?”

गावोगावी फिरून गडकिल्ल्यांची चित्रं दाखवत बोलणं सोपं असतं. गड उभा असतो, फोटो काढता येतो. नेसरीत बोलायचं तर विषय एका दिवसाचा. 24 फेब्रुवारी 1674, त्या वर्षीची महाशिवरात्र; शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव सहा स्वारांनिशी बहलोलखानावर चालून गेले, तो दिवस. कॅमेरा यायला अजून दीडशेवर वर्षं होती आणि निघालेल्यांपैकी चितारायला कोणी मागे राहिलं नाही. म्हणजे सचित्र व्याख्यानातलं चित्रच गायब. मग मी कॅलेंडरं, दिवाळी अंक, सलूनमधली तसबीर असं जे मिळेल ते मोबाईलवर टिपलं. आठवं घोडं सलूनमधलं.

चित्रावर विश्वास ठेवण्याची आपली परंपरा तशी जुनीच. एका इब्राहिमखानाची तसबीर कित्येक वर्षं शिवाजी महाराजांची म्हणून छापली जात होती. वा. सी. बेंद्र्यांनी 1933 साली महाराजांचं खरं चित्र लोकांपुढे आणलं, तोवर किती जणांनी खानाला मुजरे घातले असतील, देव जाणे. हे मी तात्यांना स्वतःच्या बचावासाठी सांगितलं. तात्या म्हणाले, “म्हंजे तुमी एकटंच न्हाई.” एवढं समाधान पुष्कळ झालं.

पुढच्या खेपेला तरुण मंडळ होतं. मी घोडी मोजून नेली. पण 2022 साली याच सात वीरांवरच्या सिनेमाची झलक आली, तिच्यात महाराजांच्या डोक्यावरच्या झुंबरात विजेचे दिवे दिसले, आणि तेव्हापासून पोरं चित्र बघत नाहीत, तपासतात. माझ्या चित्रात एका मावळ्याच्या मनगटावर काहीतरी चमकत होतं. “सर, घड्याळ हाय काय ओ?” ते कडं होतं. पण पंधरा मिनिटं गेली आणि त्या पंधरा मिनिटांत प्रतापराव खिंडीच्या तोंडाशी तसेच ताटकळले.

मग मी पक्का पुरावा काढला. इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी याचं रायगडावरून लिहिलेलं एप्रिल 1674 चं पत्र आहे. दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या वाटेत सेनापती सहा स्वारांसह पडले, मागची फौज सोबत आली नाही, असा त्यातला मजकूर. संख्या आहे, नावं नाहीत. सहा जणांची जी नावं आज फलकांवर दिसतात, ती त्या पत्रातली नव्हेत, असं मी ठासून सांगितलं. हे बोलायला नको होतं. सहा नावांपैकी एक नाव निदान तीन घरांनी आपलं मानलेलं, आणि ती तिन्ही घरं एकाच सतरंजीवर बसलेली. त्या दिवशी चहा आला, पण बिनसाखरेचा.

खरा घाम फोडला तो महिला बचत गटानं. हप्त्यांचा हिशेब आटोपून बायका जरा सैलावल्यावर मी सुरुवात केली. आदल्या वर्षी, 1673 मध्ये, उमराणीला बहलोलखान हाती सापडला होता. त्याच्या फौजेचं पाणी तोडलं होतं. खानानं गयावया केली, प्रतापरावांनी जाऊ दिलं. खान पुन्हा उलटून आला, महाराजांनी खडसावलं, आणि तो बोल जिव्हारी लागून सरनोबत सहा स्वारांनिशी थेट खानावर गेले. एवढं झाल्यावर बायका कुसुमाग्रजांचं गाणं गुणगुणायला लागतात, मला पाणी प्यायला वेळ मिळतो, असा माझा अनुभव. इथं एक आज्जी म्हणाल्या, “मुळात सोडला कशाला ओ त्येला?”

मी राजकारण सांगितलं, युद्धनीती सांगितली. तोंडाला फेस आला.

“तसं न्हवं,” आज्जी म्हणाल्या. “पाणी तोडल्यालं. तान्हेली माणसं, जनावरं समोर. बघवलं नसंल.”

शेजारची म्हणाली, “बघवलं न्हाई, म्हणून पुढं बोलणी खाल्ली.” आणि दोघी पदर तोंडाला लावून गप्प झाल्या. वीस वर्षं हा विषय सांगतोय, पण उमराणीच्या त्या तहानलेल्या घोड्यांकडे मी कधी बघितलंच नव्हतं. एकाही कॅलेंडरवर ती नाहीत.

एवढ्यात लाईट गेली. माझी पुढची अकरा चित्रं प्रोजेक्टरमध्येच राहिली, त्यात प्रतापरावांची लेक जानकीबाई राजाराम महाराजांना दिली तो लग्नसोहळाही होता, आणि तो मी फार मेहनतीनं मिळवला होता. (त्यातली नवरी दुसऱ्याच कुठल्या लग्नातली होती, ती गोष्ट वेगळी.) बायकांचं काही अडलं नाही. एकीनं मोबाईलची बॅटरी लावली, आणि कानडेवाडीकडची ती खिंड नेमकी कुठून चिंचोळी होते, जळणाला जाताना कुठं ठेच लागते, यावर त्यांचंच व्याख्यान सुरू झालं. मी श्रोत्यांत बसलो. शंका विचारली, तर “मास्तर, तुमी गाडीनं येता, तुमाला न्हाई कळायचं,” असं उत्तर मिळालं.

शेवटी सत्कार. शाल, नारळ आणि काचेत बसवलेली मोठी तसबीर, सात वीरांचीच. एसटीत ती मांडीवर सांभाळून आणली. घरात शिरल्या शिरल्या मी आधी घोडी मोजली. सात! बायकोला अभिमानानं दाखवली. तिनं चष्मा लावला, खिळ्याला लावण्याआधी काचेवरून सावकाश बोट फिरवलं आणि म्हणाली, “घोडी सात, पण पाय सव्वीसच आहेत हो.”

दोन धुळीत गेले असतील.