अर्ध्या तासानंतरच्या बाई

राजूरला कुणी काही शिकवायला आलं, की यादीत पहिलं नाव वहिनींचं. कुणाच्या वहिनी हे विचारू नये. अशा वहिनी प्रत्येक बाजारपेठेच्या गावात असतात. नवी वही, नवं पेन, चष्म्याला दोरी. पहिला अर्धा तास त्या विद्यार्थिनी असतात. मग त्या बाई होतात, आणि खरी शिकवायला आलेली मुलगी कडेला सरकून चहा घेते.

तोरणं झाली, केक झाले, मॅक्रमेच्या दोऱ्यांनी अजून आमच्या कुंड्या टांगलेल्या आहेत. यंदा लोकर. माग नाही, सुई नाही. पिंजलेल्या लोकरीचे थर उभे-आडवे पसरायचे, वर साबणाचं ऊन पाणी, वर मच्छरदाणीचा तुकडा, आणि वळकटी करून लाटत राहायचं. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात. ऊन साबणपाण्याने ते फुलतात, चोळलं की एकमेकांत अडकतात ते कायमचे.

"आपल्या भिशीसारखं," वहिनी म्हणाल्या. "आत आलात की सुटका नाही."

काश्मीरचा नमदा असाच होतो, कोल्हापूरकडचे पिंजारी जेन असंच करतात, ही माहिती त्या मुलीने दिली. संध्याकाळी ओट्यावर वहिनींनी ती मला नव्याने सांगितली. वर्गात मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले होते, ही गोष्ट त्यांच्या आड आली नाही.

वर्गातली लोकर परदेशी मेंढीची, मऊ आणि महाग. "आपल्याकडे धनगर काय कमी आहेत?" वहिनींनी संगमनेरकडच्या ओळखीतून पोतंभर काळी लोकर आणवली आणि ऐन आषाढात आम्हा मैत्रिणींना घरी बोलावलं. भाऊजी बंबातून पाणी उपसून देत होते. त्यांना कुठलीच कला येत नाही, पण प्रत्येक कलेतलं पाणी त्यांनीच तापवलेलं असतं. लोकर काही केल्या धरेना. साबण घसरायचा, तंतू सुटे ते सुटेच. दारातून वहिनींच्या सासूबाई बघत होत्या. घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन आवणी करत त्यांचं आयुष्य गेलं.

"आगं, आधी धुवा तरी! मेंढराचं तेल हाये त्यात."

वहिनींनी क्षणभर वहीत पाहिलं. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "मी तुम्हाला तेच सांगणार होते. लोकर आधी धुवायची असते."

सगळ्यांनी लिहून घेतलं. शिक्षिकेची शेजारीण म्हणून मीही लिहून घेतलं.

धुतल्यावर लोकर धरायला लागली. इतकी, की आटू लागली. वहिनींच्या चित्राचा विषय मोठा होता: कळसूबाई, पायथ्याला भंडारदऱ्याचं धरण, कडेने भाताची खाचरं. 1646 मीटरचं शिखर, राज्यातलं सर्वांत उंच. लाटता लाटता आक्रसत ते रतनगडाच्याही खाली आलं. आणि 1926 साली धरण पुरं झाल्यापासून जे पाणी भिंतीआड शहाण्यासारखं राहिलं होतं, त्याचा निळा रंग सुटून डोंगरावर चढला. "हे धुकं," वहिनी म्हणाल्या. राजूरकरांना धुक्याबद्दल वाद घालता येत नाही.

वाळवायचं कसं, हा प्रश्न मात्र आमच्या पावसाने सोडवू दिला नाही. चित्रं चुलीवर, पंख्याखाली, एक तर टीव्हीमागे. सगळ्यांच्या घराला महिनाभर ओल्या मेंढीचा वास. मैत्रिणी कुरकुरत, पण ठरल्या वारी हजर. वहिनींकडे लाटायला बसलं, की कुणाची सून माहेरी किती दिवस राहिली, आश्रमशाळेत नवं कोण आलं, हे सगळं वळकटीबरोबर पुढे-मागे होई. चहाबरोबर राजूरचे पेढे असत. चित्र पुरं करण्याची घाई कुणालाच नव्हती.

थंडीत डांगी जनावरांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा वहिनींनी एका कोपऱ्यात खाटेवर आमची कला मांडली. पेढ्यांना गर्दी, बैलांना गर्दी, खाटेला मान डोलावून जाणारे. शेवटी एक फेटेवाले बाबा थांबले. त्यांनी कळसूबाई दोन्ही हातांनी दाबून पाहिली, उलटी केली, वास घेतला.

"जुवाखाली मानेला घालायला बरं व्हईल. कितीला?"

मी वहिनींकडे बघायचं टाळलं. असल्या वेळी बघू नये.

"पावसात भिजलं तर?" बाबांनी विचारलं. "आमच्या डांगीच्या कातडीला तेल सुटतं, त्याला पाऊस लागत नाही. ह्याचं काय?"

"लोकरीलाही तेल असतं, बाबा," वहिनी म्हणाल्या. "पण ते किती धुवायचं आणि किती ठेवायचं, हे शिकावं लागतं. बसा इथे." त्यांनी पिशवीतून वही काढली, चष्मा नाकावर घेतला. "आधी बैलाच्या मानेचं माप सांगा."