हौस आणि हांगिरी

तोक्योत उएनो आणि आसाकुसा यांच्या मध्ये काप्पाबाशी नावाची पेठ आहे. सुमारे आठशे मीटर लांब, दीडशेच्या वर दुकानं, आणि जवळजवळ सगळी स्वयंपाकाच्या सामानाची. कोपऱ्यावरच्या इमारतीच्या माथ्यावर पांढरी टोपी घातलेल्या आचाऱ्याचं अवाढव्य मुंडकं बसवलंय, त्यामुळे रस्ता चुकला ही सबब चालत नाही. हॉटेल काढायचा विचार नसेल तर नवऱ्याला या पेठेत एकटं सोडू नये, हे मी आमच्या निशिकासाई भागात नव्याने आलेल्या मराठी मुलींना आवर्जून सांगते.

आमचे हे तिथे गेले होते मकिसु आणायला. मकिसु म्हणजे सुशीची गुंडाळी करायची बांबूच्या काड्यांची चटई. ती शंभर येनच्या दुकानातही मिळते. पण हौसेला स्वस्त वस्तू मानवत नाही. संध्याकाळी चटईसोबत घरात हांगिरी आली. सावारा लाकडाची, तांब्याच्या पट्ट्यांनी आवळलेली ही उथळ, रुंद कुंडी. गरम भात तिच्यात उलटायचा, त्यावर तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ यांचं मिश्रण ओतायचं आणि लाकडी भातवाढीने भात कापल्यासारखा हलवायचा. कालवलात तर शितं मोडून चिकट गोळा होतो. त्याच वेळी पंख्याने वारा घालायचा, म्हणजे वरचं पाणी उडतं आणि शितांना चकाकी येते. उरलेली ओल लाकूड शोषून घेतं. शास्त्र चोख आहे. फक्त एक हात कुंडी धरायला, एक भातवाढीला आणि एक पंख्याला असे तीन हात लागतात. तिसरा अर्थातच माझा.

हांगिरीचे लाड दिवाळसणाला आलेल्या जावयासारखे करावे लागतात. वापरण्याआधी पाणी भरून ठेवायची, नाहीतर भाताचं व्हिनेगर तीच पिऊन टाकते. धुऊन सावलीत वाळवायची. उन्हात ठेवली तर तडकते, ओली राहिली तर बुरशी धरते. आणि तोक्योतल्या आमच्या स्वयंपाकघरात ती ठेवायची कुठे? कपाटात मावत नाही, म्हणून वॉशिंग मशीनवर विराजमान झाली. कपडे धुताना ती थरथरते आणि हे बाहेरून विचारतात, “हांगिरी बरी आहे ना गं?”

मग सुरी. कच्चा मासा कापायची यानागिबा लांबलचक असते, कारण काप एकाच ओढीत पडला पाहिजे. करवतीसारखं पुढेमागे केलं की माशाच्या कापाला खरखरीत कडा येतात. तिला धार असते एकाच बाजूने, आणि ती उजव्या हाताच्या हिशेबाने. आमचे हे डावखुरे. डावऱ्यांची यानागिबा वेगळी घडवतात आणि तिची किंमतही वेगळी लावतात. सुरी आली म्हणून १००० नंबरचा दगड आला, मग चकाकीसाठी ६००० नंबरचा. घासून घासून दगड मध्ये खोलगट होतात, म्हणून ते सपाट करायला तिसरा दगड. मासा अजून आलेला नव्हता.

हातावर दाबून केलेली निगिरी सुशी एदो शहरात, म्हणजे आजच्याच तोक्योत, १८२०च्या दशकात लोकप्रिय झाली. तिचं श्रेय हानाया योहेई या माणसाला देतात. तेव्हा ती ठेल्यावर उभ्याउभ्या खायची वस्तू होती, आणि आकाराने आजच्यापेक्षा बरीच मोठी. हे मी यांना मुद्दाम ऐकवलं. ते म्हणाले, “त्याच्याकडेही हांगिरी असणारच.”

खरी गंमत शेजारच्या आजींकडे. त्यांनी एकदा जेवायला बोलावलं. भात कुकरच्या भांड्यातून सरळ मोठ्या काचेच्या वाडग्यात. वारा घालायला कागदी पंखा, त्यावर कुठल्याशा दवाखान्याची जाहिरात. उन्हाळ्यात असे पंखे इथे स्टेशनबाहेर फुकट वाटतात. सुपरमार्केटमधून आणलेला ट्यूनाचा तुकडा रोजच्या सुरीने कापला होता. टेबलावर नोरी म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाचे पातळ ताव, भात, काकडी, अंड्याच्या पट्ट्या, मासा. ज्याने त्याने नोरीचा तुकडा हातात घ्यायचा, वर हवं ते ठेवायचं, सुरळी करायची आणि नोरी कुरकुरीत आहे तोवर खायची. तेमाकी म्हणतात तिला. चटईसुद्धा लागत नाही. “निगिरी घरी करत नाही?” असं यांनी विचारल्यावर आजी तोंडावर हात धरून हसत सुटल्या. म्हणाल्या, “त्यासाठी दुकानं आहेत की!”

एवढ्यावर एखादा शहाणा झाला असता. हे परत येताना म्हणाले, “त्यांचा पंखा बघितलास? प्लॅस्टिकच्या काड्या होत्या.”

पुढे सांगलीहून सासूबाई आल्या. मला वाटलं, आता आपल्या बाजूने बोलणारं कुणीतरी आलं. हांगिरी बघून त्या थबकल्या, टिचकी मारून पाहिली, तांब्याची पट्टी नखाने खरवडली. “लाकूड चांगलं आहे,” म्हणाल्या, “पण कणकेला उथळ पडेल.” यांचा चेहरा पांढराफटक. तेव्हा कुठे मला आठवलं, सांगलीच्या माळ्यावर तीन सोऱ्ये, दोन पुरणयंत्रं आणि साच्यांनी भरलेला एक अख्खा पत्र्याचा डबा आहे. आडात होतं तेच पोहऱ्यात आलं होतं.

सासूबाई शाकाहारी, म्हणून यांनी काकडीची गुंडाळी केली. वेळ लागला, पण झाली झकास. त्यांनी वसाबीला बोट लावलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि “आपल्या मोहरीचीच जात” असा निकाल दिला. निकाल बरोबरच होता; वसाबी मोहरीच्याच कुळातली.

मग मोबाइलवर यांनी पुढची खरेदी दाखवली. अंड्याची घडीची पोळी करायचा चौकोनी तवा. अंडं म्हटल्यावर त्या नाक मुरडतील अशी माझी खात्री होती.

“तांब्याचा आहे,” हे म्हणाले.

“आणि आतून?”

“कल्हई केलेली.”

सासूबाईंनी चष्मा लावला. “सांगलीत हल्ली कल्हईवाला औषधालाही सापडत नाही,” त्या म्हणाल्या. “चौकोनी घावनं काय सुरेख होतील रे यात! उद्या किती वाजता उघडतं ते दुकान?”