वाळवंट, बकऱ्या आणि जावईबापू

जयपूर, २० मे

ती. आईस,


कशेडी घाटापलीकडे सगळा परदेशच, असं तू म्हणतेस. तेव्हा हे परदेशातलं पत्र. इकडे पारा ४४ वर आहे. गच्चीवरच्या टाकीनं गीझरचं बिल वाचवलंय. गार पाणी तेवढं विकत आणावं लागतं.

अशा उकाड्यात तुझ्या जावईबापूंनी आम्हाला ‘आडुजीवितम्’ दाखवला. २०२४ चा मल्याळम सिनेमा, बेन्यामिन यांच्या कादंबरीवर ब्लेसींनी काढलेला. गोष्ट खऱ्या घटनेवर बेतलेली. केरळातला नजीब नदीत बुड्या मारून वाळू काढणारा. कमवायला सौदीला जातो, तर भलताच माणूस त्याला विमानतळावरून उचलून वाळवंटात बकऱ्या राखायला नेऊन टाकतो. पगार नाही, भाषा कळत नाही, अंघोळीला पाणी नाही. शेवटी तो नि आणखी दोघं जीव मुठीत धरून पायी पळतात. पृथ्वीराज सुकुमारननं या भूमिकेसाठी तीसेक किलो वजन उतरवलं. हे ऐकून जावईबापूंनी प्याजकचोरीची बशी दूर सारली. दोन मिनिटं. जॉर्डनमध्ये चित्रीकरण चालू असताना २०२० ची टाळेबंदी लागली आणि सिनेमावालेच वाळवंटात अडकले!

नजीबच्या घराभोवती माड नि पाणी, थेट आपल्यासारखं. मला रडू तिथंच फुटलं.

रविवारी पहाटे जावईबापूंची मोहीम निघाली नाहरगडच्या डोंगरात. सोबत सहा बाटल्या पाणी, दशम्या, कैरीचं लोणचं आणि होकायंत्र. ‘जवळच्या वाटेनं’ तासभर भटकलो. पाणी संपलं, चार बाटल्या एकट्या मोहीमप्रमुखांनी रिचवल्या. होकायंत्र इमानदारीत उत्तर दाखवत होतं, पण घर कुठल्या दिशेला हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

शेवटी बकऱ्या राखणारे एक बाबा भेटले. सिनेमात बकऱ्या राखणारा वाट शोधतो, इथं त्यानंच आम्हाला वाट दाखवली. वीस पावलांवर डांबरी सडक! वर लोटाभर ताकही दिलं. मग तो लोटा त्यांनी मूठभर वाळूनं लख्ख घासला, पाण्याचा थेंब न लावता.

घरी आल्यावर तुझ्या नातवानं अर्ध्या बादलीत अंघोळ उरकली, कुणी न सांगता. जावईबापूंना दोन लागल्या.

तू सिनेमा जरूर बघ, पण तांब्या भरून जवळ ठेव. आणि विहिरीला किती हात पाणी उरलंय, ते कळव.

तुझी,
लेक