धावेवरचा एक किलो

आपल्या बोर्डाच्या बारावीच्या फिजिक्समध्ये पहिलाच धडा फिरणाऱ्या वस्तूंचा. पोरं नुकती बाकावर बसलेली असतात, तोच डोकं गरगरायला लागतं. त्यातला खलनायक मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे फिरायला सांगितल्यावर वस्तू किती नखरे करील त्याचं माप. वजन आसापासून दुप्पट लांब नेलं की नखरे चौपट. हे मी पोरांना शिकवतो, आणि पोरं ते परीक्षेपर्यंत सांभाळतात.

दारव्ह्याकडचे माझे मामा सातवीनंतर शाळेकडे फिरकले नाहीत. पण शंकरपट, म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत, जवळ आला की या विषयावर त्यांच्यापुढे मी जपून बोलतो.

"भाचेबुवा," पटाच्या सरावाआधी छकड्याच्या चाकावर टिचकी मारत ते म्हणाले, "वर एक किलो ठेवा, बैल काई म्हनत नाई. धावेवर एक किलो वाढवा, बैल मांगं वयून पायते."

मी गुपचूप वही काढली. चाकावर चढवलेली लोखंडी धाव गाडीबरोबर पुढे जाते, शिवाय फिरतेही. पुढे जायला जेवढी ऊर्जा, तेवढीच फिरायला. म्हणजे धावेवरचा एक किलो बैलाला दोन किलोंचा! त्रिज्या तर समीकरणातून उडूनच जाते. चाक लहान असो की मोठं, दुप्पट ती दुप्पटच. मामांचं उत्तर बरोबर होतं, तेही सूत्र न लिहिता. बोर्डात त्यांचे मार्क कापले गेले असते.

कापसानं लादलेल्या बंडीला हे लागू नाही असं नाही, पण बोज्यापुढे धावेला विचारतो कोण? आणि त्या बैलांना घाईही नसते. पटात सारा खेळ काही सेकंदांचा, म्हणून छकडा काडीसारखा हलका.

या शर्यतींचं चाक सुप्रीम कोर्टानं 2014 साली थांबवलं. ते पुन्हा हललं डिसेंबर 2021 मध्ये, आणि शर्यतींना मुभा देणाऱ्या कायद्यावर शेवटची मोहोर उठली मे 2023 मध्ये. कोर्टाच्या चाकाचं मोमेंट ऑफ इनर्शिया काढायचं सूत्र अजून कोणत्याही पुस्तकात आलेलं नाही.

सराव संपल्यावर मी हळूच विचारलं, "मामा, घरापर्यंत छकड्यावर बसू का? माझं वजन काही धावेवर नाही."

मामांनी मला वरून खाली न्याहाळलं, मग बैलांकडे पाहिलं.

"तुमचं एकदाच मोजल्या जाते, हे खरं हाये. पन ते एकदाच लय हाये."