डावीकडचा फोटो

२०१८ साली आमच्या आळीत दोन तट पडले. एक दीक्षितांचा, दुसरा दिवेकरांचा. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि जेवण ५५ मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकर म्हणतात, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. ज्यांना अमावस्या कधी हे बायकोला विचारावं लागतं, ती माणसं पानठेल्यावर उभी राहून इन्सुलिनवर बोलू लागली. माझा तट घरात काय शिजलं यावर ठरे. वांग्याचं भरीत असलं की मी दिवेकरांचा, लवकी असली की कट्टर दीक्षितांचा.

मनातून ओढा मात्र दीक्षितांकडेच. कारण या पद्धतीचं श्रेय ते काटोलच्या डॉ. श्रीकांत जिचकारांना देतात. बारीक व्हायचं सूत्रही विदर्भाचंच निघालं म्हटल्यावर माझी छाती फुगली. पोट आधीच पुढे असल्यामुळे ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, इतकंच.

खरं सांगायचं तर माझ्या पोटाला माझी काही हरकत नव्हती. आमच्याकडे सुटलेलं पोट म्हणजे घरचं बरं चाललंय, याची पावती. हरकत सुरू झाली ती फोनमुळे. तरुणपणी मी काडीपैलवान होतो. तेव्हा पेपरात कोपऱ्यात जाहिराती यायच्या. डावीकडे बरगड्या मोजून घ्याव्यात असा पोरगा, उजवीकडे तोच पोरगा दंड फुगवून. आईनं कुठलीशी पावडर आणून दुधातून पाजली; दूध तेवढं अंगी लागलं. आता फोन उघडला की डावीकडे ढेरपोट्या गृहस्थ, उजवीकडे तोच गृहस्थ जीन्सचा कंबरपट्टा वीतभर पुढे ओढून हसतो आहे. म्हणजे तेव्हाही डावीकडे मी आणि आताही डावीकडे मीच! मधली काही वर्षं मी हुबेहूब उजवीकडच्यासारखा दिसत असणार, हे गणितानं सिद्ध होतं. नेमका तेव्हा कोणी फोटो काढला नाही.

आपल्या देशात लठ्ठपणा घालवण्याच्या किंवा उंची वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे, हे मला फार उशिरा कळलं. तोवर रुळाकाठच्या भिंती वाचत वाचत मी साक्षर झालो होतो.

पण मी जास्त बोलू नये. माझं कृषी केंद्र आहे. काउंटरमागे पिकाच्या टॉनिकचं पोस्टर आहे: डावीकडे मरतुकडी कपाशी, उजवीकडे बोंडांनी वाकलेली. कास्तकार आधी पोस्टरकडे पाहतो, मग माझ्याकडे. "भाऊ, अशी होईन काय?" मी म्हणतो, "जमीन, पाणी, सारंच पाहा लागते." हे वाक्य पोस्टरवर छापलेलं नसतं. आणि बाटली तरी मी विकतोच.

तर दोन्ही तटांचा निकाल लागतो तो रोडग्यांत. रोडग्यांचं निघालंच आहे तर जरा सविस्तर सांगतो. ज्याला घाई असेल त्यानं दोन तासांनी यावं. जाडसर दळलेली कणिक, तेलाचं मोहन, मीठ. लहान चकत्या एकावर एक ठेवायच्या, मध्ये तेलाचा हात फिरवायचा आणि कडा मिटून गोळा वळायचा. गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा. घरी चहा उकळायला ठेवला की दुसऱ्याला हाक मारणारी माणसं जगऱ्यापाशी एकदम तज्ज्ञ होतात. आर पडला की नाही यावर दोन भावांत अबोला धरलेला मी पाहिला आहे. धूर संपून लालबुंद आर उरला की गोळे त्यात पुरायचे, वरून राख ओढायची आणि गप्पा मारायच्या. बाहेर काढून पोत्यात घालून झाडले की राख जाते. मग रोडगा हातानं फोडायचा. आतल्या पदरांतून वाफ येते, तिच्यावर तूप सोडायचं. ते पाझरत खाली जातं, म्हणून आणखी सोडायचं. वर तुरीचं वरण, बाजूला तर्री आलेली वांग्याची भाजी. दीक्षितवाले ५५ मिनिटांतली चोपन्न पुरेपूर वापरतात. दिवेकरवाले 'थोडं थोडं' या शब्दांचा अर्थ लावत बसतात. माझ्या शर्टाचं तिसरं बटन तूप वाढतानाच राजीनामा देतं.

मागच्या रोडग्यांना माझी पुतणी पंगतीत बसली होती. नववीत आहे. पूर्वी ती वाढणाऱ्याचा हात धरून तूप ओतून घ्यायची. यंदा म्हणाली, "मोठेबाबा, मले अर्धाच." आजी म्हणाली, "काऊन वो माय, तब्येत बरी नाही काय?" तब्येत बरी होती. "मले गाल येऊन राह्यले," ती म्हणाली आणि गाल आत ओढून दाखवले.

मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तिचे गाल तिच्या आजीचे आहेत, माझ्या बहिणीचेही तेच. त्या बहिणीनं गोरं होण्यासाठी किती क्रीम चोपडली ते मी पाहिलंय. फेअर अँड लव्हली १९७५ साली आली, २०२० साली ग्लो अँड लव्हली झाली. दुकानात गिऱ्हाईक आजही जुन्याच नावानं मागतं. पण तेव्हा जाहिराती पेपरात यायच्या; पेपर दिवसातून एकदा यायचा आणि मग त्यात चिवडा बांधला जायचा. या पोरीच्या हातातला फोन तिला झोपेपर्यंत डावीकडे उभं करतो. एक बाई परातभर नूडल्स खाऊन दाखवते, लगेच दुसरी पोट उतरवायचा चहा विकते, आणि पाहणारी आमची पोरगी अर्धा रोडगा मागे सारते. माझ्या दुकानातली कपाशी निदान ते पोस्टर पाहत नाही.

मी तिला यावर बरंच ऐकवलं. जाहिरातवाले, फिल्टरवाले, कोणाला सोडलं नाही. ती शांतपणे ऐकत होती, म्हणजे फोनवर काहीतरी करत होती. शेवटी स्क्रीन माझ्यासमोर धरून म्हणाली, "पाहा." पंगतीतला माझाच फोटो होता. पोट गेलं होतं, हनुवटी एकच उरली होती, केसही जरासे पुढे सरकले होते. म्हटलं, "हेच! हेच मी सांगून राह्यलो तुले. हा खोटेपणा आहे."

"मग डिलीट करू?"

"करशील. पहिले मले पाठव."

तिनं पाठवला आणि माझ्याकडे पाहून इतकी हसली की हसता हसता उरलेला रोडगा खाऊन टाकला. फोटो मी व्हॉट्सॲपला लावला आहे. परवा एका जुन्या गिऱ्हाइकानं बियाणं घेता घेता विचारलं, "भाऊ, लहाना भाऊ बसते काय आता दुकानात?"

मी म्हटलं, "हाव. सकाळी बसते तो."