संयम नावाचा कच्चा माल

मायक्रोव्हिजन या अमेरिकी लेझर कंपनीचे जुने भागधारक संयमाला गुण मानतात. खरे तर तो त्या कंपनीचा कच्चा माल आहे. १९९३ साली स्थापन झालेली, १९९६ पासून बाजारात असलेली ही कंपनी एकाही वर्षी नफ्यात आली नाही. प्रोजेक्टर झाले, चष्म्यांतले पडदे झाले, आता मोटारींसाठी लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारे संवेदक. ‘मोठा करार’ मात्र कायम पुढच्या तिमाहीत. तोवर खर्च भागतो तो नवे शेअर विकून, म्हणजे वाट पाहणाऱ्यांचाच वाटा पातळ करून. २०१२ साली तर आठ शेअरांचा एक केला: भाव आठपट, संपत्ती जिथल्या तिथे.

यावर ठेवणीतले उत्तर येते: ॲमेझॉननेही वर्षानुवर्षे तोटाच सोसला. सोसला खरा, पण २००३ साली पहिला वार्षिक नफा दिसला तेव्हा तिची विक्री पाच अब्ज डॉलरांवर होती. मायक्रोव्हिजनची २०२४ ची विक्री पन्नास लाखांच्याही आत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: २०२० मध्ये वीस सेंटांखाली गेलेला शेअर एप्रिल २०२१ मध्ये २८ डॉलरांना शिवला, हा संयमाचाच विजय नव्हे काय? नव्हे. तो विकणाऱ्यांचा विजय होता. संयमी मंडळी तेव्हाही संयमच पाळत होती, आणि २०२४ मध्ये भाव पुन्हा डॉलरभोवती होता.